पांडवलेणीतून थेट सोपारा

आम्हा नाशिककरांची पांडवलेणी म्हणजे रविवारी सकाळी पायऱ्या चढायच्या, धापा टाकत फोटो काढायचा आणि खाली येऊन मिसळ हाणायची, मी पण इतकी वर्षं तेच केलं. मागच्या महिन्यात मात्र १० नंबरच्या लेण्यात निवांत थांबलो. क्षत्रप राजा नहपानाचं लेणं ते, तिथं त्याचा जावई उषवदात याचा ब्राह्मीतला लेख कोरलाय, मला अक्षर कळत नाही पण अर्थ घरून वाचून गेलेलो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथं धर्मशाळा बांधल्या म्हणतो. म्हणजे भडोच, मंदसोर, आपलं गंगापूर रोडचं गोवर्धन आणि चक्क नालासोपारा! पुढं तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या आणि ३२ हजार नारळाची झाडं दान दिली हे पण आहे. समुद्राचा टिपूस नसलेल्या आपल्या डोंगरावर हे सगळं, साधारण १९०० वर्षांपूर्वीचं.

मग काय, पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादर, तिथून विरार लोकल. नालासोपाऱ्यात पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला तिथला जुना बौद्ध स्तूप विचारला तर भाऊ ब्लँक. 'बुरुडराजाचा कोट' हे त्याचं गावातलं नाव घेतलं तेव्हा, "अहो मग असं सांगा ना, बसा!"

बिल्डिंगांच्या गराड्यात विटांचा एक टेकाडासारखा ढीग, बघायला गेलं तर एवढंच. पण १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली आणि तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं अशा एकात एक बसवलेल्या डब्या! अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला, तो आता मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या जुन्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात 'सुप्पारा' म्हणून जे बंदर येतं ते हेच, जिथं खाडीतून गलबतं आत यायची. नंतर खाडी गाळानं भरत गेली आणि बंदर गेलं, आता कुणाला सांगितलं तर हसतील, कारण नालासोपारा म्हटलं की सगळ्यांना फक्त लोकलची गर्दी आठवते.

मी मात्र तासभर तिथं बसलो, विटा किती रुंद आहेत ते वीत लावून पाहत.

रात्री घरी आलो तर आईचा पहिला प्रश्न, "वसईकडं गेलास आणि सुकेळी नाही आणलीस?"

म्हणजे वसईच्या त्या सुकवलेल्या केळ्यांसाठी परत जाणं आलंच.