निकषांतली ती एक ओळ
"त्यांची उपचाराची पहिली सायकल झालीय का?" क्लिनिकल ट्रायलच्या (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) कोऑर्डिनेटरने मावशीबद्दल फोनवर विचारलं. मी म्हटलं, हो, दोन आठवडे झाले. पलीकडे क्षणभर शांतता. "मग या ट्रायलमध्ये नाही घेता येणार."

निकषांत ती ओळ होतीच: लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आधी कोणताही उपचार घेतलेला नसावा. मी तीनदा वाचली होती. तरी वाटत होतं, एका सायकलने असं काय बिघडतंय?

मावशी शेजारीच बसली होती. सलाइनच्या सुईची जागा अजून हिरवीनिळी. ती एवढंच म्हणाली, "आधी कुणी विचारलंच नाही गं आपल्याला."

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

लिम्फोमाचे साठाहून जास्त प्रकार आहेत. नुसतं 'लिम्फोमा' टाकून शोधलं तर माणूस गोंधळून जातो. मी बायोप्सीच्या रिपोर्टवरचं नेमकं नाव टाकलं, फक्त भरती चालू असलेल्या ट्रायल निवडल्या. अर्धा तास लागला. तो अर्धा तास महिनाभर आधी सुचायला हवा होता.

मावशीला लिम्फोमावरचं रिटुक्सिमॅब हे औषध देताहेत. १९९७ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती मुख्यतः १६६ रुग्णांच्या ट्रायलवर. त्या १६६ जणांना कुणीतरी वेळेवर विचारलं होतं.

उद्या डॉक्टरांना विचारणार आहे: आजार उलटलाच, तर पुढचं औषध सुरू करण्याआधी ट्रायल बघायची ना?

तुमच्या घरी हे कुणी आपणहून सांगितलं होतं का? की तुम्हालाच शोधावं लागलं?