गेटर अखेर टिकला! बुटाच्या नाकाचं कोडं सुटलं

टिकला! गेटर म्हणजे वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावरून पायावर चढवायचं, खाली बुटाला वेल्क्रोने चिकटणारं कापडी आवरण. रविवारच्या लाँग रनला भर उन्हात, कोरड्या भुसभुशीत वाळूत चार तासांच्या वर पळणं-चालणं झालं, आणि बूट उपडे केल्यावर आतून चिमूटभरही वाळू पडली नाही. उजव्या टाचेपाशी थोडी धूळ, बस्स. बुटाच्या नाकावरची वेल्क्रोची पट्टी जशीच्या तशी, एकही कड उचललेली नाही. मागच्या नोंदी वाचलेल्यांना कळेल की मला आज किती आनंद झालाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: तयारी चालू आहे ती मोरोक्कोतल्या मॅरेथॉन दे साब्लची. सहारातली साधारण २५० किमीची शर्यत, टप्प्याटप्प्याने, जेवण-अंथरूण सगळं आपल्या पाठीवर. संयोजकांकडून मोजून पाणी, रात्रीला तंबू आणि वैद्यकीय मदत. बाकी सगळं आधी लिहून झालंय.

तर गेटर. मागच्या वेळी गाडी अडली होती ती नाकावरच. उन्हात दोनेक तास झाले की पुढची पट्टी सुटायची, तिथून वाळू आत, आणि एकदा वाळू मोज्यात शिरली की पुढचा प्रत्येक किलोमीटर कातडीवर निघतो. गोंद बदलून झाला. जास्त तापमान सोसणारा म्हणून विकला जाणारा महागडा गोंद झाला. मग एका विक्रेत्याकडून ‘पूर्ण शिवलेली’ पट्टी बसवून बूट मागवले. ते आले तर टाचेला आणि दोन्ही बाजूंना टाके, आणि नाकावर, जिथे खरी गरज तिथेच, नुसता गोंद. विचारलं तर उत्तर मिळालं की पुढे सुई जात नाही. मग ‘पूर्ण शिवलेली’ म्हणून विकू नये ना! अशी जोडी घेणार असाल तर आतलं इन्सोल काढून टाके कुठून कुठपर्यंत गेलेत ते आधी फोटोत मागा.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो: उन्हाने गोंद मऊ होतो, चांगला गोंद वापरा. गोंद मऊ होतो हे खरंच आहे. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. बाजूंनाही तोच गोंद, ऊन तेच, वाळू तीच, आणि बाजू एकदाही सुटल्या नव्हत्या. सुटायचं ते दर वेळी नाकच, तेही अंगठ्याच्या वरच्या बाजूने सुरू होऊन.

शेवटी फोन जमिनीलगत टेकवून स्वतःचंच पाऊल स्लो-मोशनमध्ये टिपलं, आणि तिथे सगळं दिसलं. मागचं पाऊल उचलताना चवड्यावर भार येतो, टाच वर जाते आणि घोट्याचा पुढचा कोन उघडतो. म्हणजे नडगीपासून बुटाच्या नाकापर्यंतचं अंतर त्या क्षणाला वाढतं. गेटर वर नडगीला घट्ट आणि खाली नाकाला चिकटलेला, तेव्हा कापड ताणलं जातं आणि पट्टीला वर खेचतं. बाजूंना बुटाची भिंत उभी असते, त्यामुळे तिथे हा ओढा पट्टीच्या पातळीतच लागतो. तसा ओढा वेल्क्रो आणि गोंद दोघंही भरपूर सोसतात. नाकावर मात्र अपर (बुटाचा पायावरचा भाग) उतरता, जवळजवळ आडवा असतो. तिथे तोच ओढा पट्टीला कडेने उचलतो, जखमेवरची चिकटपट्टी टोकाला धरून सोलावी तसा. वेल्क्रो बनवलाच आहे असा की आडवा ओढला तर सुटू नये आणि सोलला तर दोन बोटांनी सुटावा. म्हणजे दर पावलाला आपणच तो थोडाथोडा सोलत असतो, आणि ही पावलं दिवसाला हजारोंनी होतात. गोंद कितीही चांगला आणा, ओढ्याची दिशा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

दिशा बदलायची तर नाकावरची पट्टी अपरवरून काढून खाली, टो-बंपरच्या, म्हणजे बोटांसमोरच्या जाड संरक्षक पट्ट्याच्या, उभ्या रबरावर न्यायला हवी. आणि तिथे सुई जात नाही म्हणतात.

इथे आमचे बूट शिवणारे काका कामी आले. त्यांनी बूट हातात घेतला, बंपर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताई, ह्यात मशीन चालायची नाही. आरीनं एकेक भोक पाडून हातानं घालतो. पण दोन दिवस ठेवून जा, घाई नका करू.” दुसऱ्या बुटाच्या वेळी मी शेजारी बसून पाहिलं. आरी सरळ न घुसवता ते किंचित खालून वर तिरकी घालत होते, म्हणजे दोरा बंपरच्या जाड भागातून जातो आणि आत बोटांच्या वर निघतो, बोटांसमोर नाही. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून ओढलेला टाका. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. एवढी सफाई मला कुठल्याच तयार जोडीत दिसलेली नाही.

वळणासाठी एक युक्ती: २ सेंमी रुंदीची पट्टी नाकाच्या वळणावर चुण्या पाडते, आणि प्रत्येक चुणी म्हणजे वाळूला दार. म्हणून फक्त वळणापुरती पट्टी उभी कापून १ सेंमीची केली. अरुंद पट्टी निमूट वळते. पकड निम्मी होते, पण ओढा आता पट्टीच्या पातळीत असल्याने ती पुरते.

आतले टाके बोटांना लागू नयेत म्हणून त्यांच्यावर लवचिक गोंदाचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर वरून कायनेसिओलॉजी टेपची (खेळाडू स्नायूंवर लावतात त्या ताणणाऱ्या कापडी टेपची) पट्टी. मग डोळे मिटून बोटाने आतून चाचपायचं. कुठेही खडा लागल्यासारखं वाटलं तर ते आत्ताच घासून टाका.

दुसरा अर्धा इलाज कापडात आहे. नडगी ते नाक हे अंतर दोऱ्याने मोजलं: एकदा सपाट उभं राहून, एकदा चवड्यावर उचलून. फरक ३ सेंमीच्या आसपास आला. म्हणून गेटरच्या पुढच्या बाजूला ४ सेंमीची सैल चुणी शिवली, घोट्याच्या वळणावर. आता पाऊल उचललं की चुणी उघडते आणि नाकावर ओढा येतच नाही. पट्टी खाली नेल्याचा फायदा जास्त की चुणीचा, हे वेगवेगळं तपासलेलं नाही. दोन्ही मिळून काम झालं, आता मी काहीही हलवणार नाही.

कापड पॅराशूटचं नायलॉनच घ्या. लायक्राच्या गेटरची तारीफ खूप ऐकायला मिळते, आणि ट्रेलवर खडे अडवायला तो छान आहेच. पण टेकड्यांवरची वाळू मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी बारीक असते. ती लायक्रातून आणि बुटाच्या जाळीतून दोन्हीकडून झिरपते. म्हणून नुसता घोटा झाकून चालत नाही, सगळा बूट झाकावा लागतो. काटेरी बाजू बुटावर, मऊ बाजू कापडावर. काट्यांत अडकलेली वाळू अर्ध्या कापलेल्या टूथब्रशने निघते, आणि तो ब्रश तसाही सामानात असतो.

आता सगळा बूट झाकला की वेगळी अडचण येते. रविवारी वाळू नव्हती, पण मोजे पिळून घ्यावेत इतके ओले होते. नायलॉनमधून घाम उडतच नाही. फोड येतो तो कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकतं म्हणून. मधले थर ताणले जाऊन फाटतात आणि तिथे पाणी साचतं. ओलसर कातडी जास्त चिकटते, म्हणजे फोडही लवकर. वाळू थांबवली आणि घाम कोंडला, तर एका हाताने मिळवलं ते दुसऱ्या हाताने दिलं असं होईल.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट लक्षात येतेय. मार्ग काही सगळा टेकड्यांचा नाही. मेरझूगाजवळच्या अर्ग शेबीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत चढतात हे खरं, पण त्याखेरीज दगडाळ पठारं, कोरडी तळी, वाळलेल्या नद्यांची पात्रं, जेबेलचे (डोंगरांचे) खडे चढ असं बरंच आहे. तिथे गेटर वर ओढलेला असण्याची गरजच काय? वेल्क्रो बंदच ठेवायचा, फक्त वरचं इलॅस्टिक सैल करून कापड घोट्यापर्यंत खाली गुंडाळायचं, आणि टेकड्या दिसल्या की वर. घोट्याभोवती आणि बुटाच्या जिभेकडून तरी हवा मिळेल. चेकपॉइंटवर बूट काढतानाही असंच, म्हणजे वेल्क्रो उघडून काट्यांत वाळू भरायला नको.

पण मग गुडघ्यापर्यंतचा गेटर बाद, कारण एवढं कापड गुंडाळलं की पायात येतं. उरलेल्या कापडातून दुसरी जोडी गुडघ्यापर्यंतची शिवणार होते, तो बेत रद्द. आता पिंडरीच्या मध्यापर्यंतच, वर गाठीऐवजी कॉर्ड-लॉक, म्हणजे दाबून दोरी सरकवायची चिमटी. घामेजल्या बोटांनी गाठ सुटत नाही.

पायांचं बाकी ठीक चाललंय. बोटं वेगळी करणारे इंजिंजीचे मोजे कायम, बूट नेहमीपेक्षा मोठे, कारण उन्हात दिवसामागून दिवस चालून पाय सुजतात. एका नावाजलेल्या टेपने मात्र निराशा केली, तासाभरात घामाने गुंडाळी झाली. कुठलीही टेप लावण्याआधी कातडीवर टिंक्चर बेंझॉइनचा (टेप धरून ठेवणाऱ्या चिकट औषधी द्रवाचा) हात फिरवा आणि पूर्ण सुकू द्या, मग ती दिवसभर राहते. टेपच्या आसपास व्हॅसलीन नको, दोघांचं जमत नाही.

जेवणाच्या वजनात घसघशीत बचत झालीय. नियमाने दिवसाला किमान २,००० किलोकॅलरी, म्हणजे सात दिवसांच्या १४,००० न्याव्याच लागतात. माझं सामान सरासरी ग्रॅमला ४.२ किलोकॅलरीवर अडलं होतं, म्हणजे साधारण ३.३ किलो. एनर्जी बार जवळजवळ सगळे काढले, त्या जागी मॅकाडेमिया, नट बटर आणि रात्रीच्या जेवणात घालायला छोट्या बाटलीत ऑलिव्ह तेल. तेल ग्रॅमला ९ देतं, त्याच्याशी कोण स्पर्धा करणार! सरासरी ५.१ वर आली आणि वजन २.७५ किलोच्या आत. स्टोव्हही गेला, सगळं गार पाण्यात भिजवून खायचं. उन्हात ठेवलेली बाटली तशीही गरम होते. पाणी सोडून पाठीवरचं वजन किमान ६.५ किलो हवं आणि १५ च्या वर चालत नाही. मी आता खालच्या मर्यादेच्या इतकी जवळ आलेय की उशीसाठी फुगा नेण्याचा विचार पहिल्यांदाच मनात आला.

उन्हाची सवय शेवटच्या दोन आठवड्यांत. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण ही सवय काही आठवड्यांत उतरते, त्यामुळे आत्ताच सुरुवात करण्यात अर्थ नाही. रनहून आल्यावर चाळीसेक अंशांच्या पाण्यात बसणं, एवढं तेव्हा वाढवणार.

कंपासचा सरावही वाढवलाय. १९९४ साली ह्याच शर्यतीत मॉरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि कित्येक दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. त्या हकिकतीतून मी एकच गोष्ट घेतलीय: काही दिसेनासं झालं की जागच्या जागी थांबायचं. त्यामुळे आता प्रत्येक लाँग रनला दर तासाला थांबून दिशा घेते, दमलेली असताना मुद्दाम. ताज्या डोक्याने सगळ्यांनाच जमतं.

पुढची मोठी परीक्षा रात्रीची. लाँग स्टेज, म्हणजे शर्यतीतला सगळ्यात लांब टप्पा, ८० किमीच्या वर असतो, म्हणजे हेडलॅम्पच्या उजेडात गेटर वर-खाली करता यायला हवा. त्यासाठी दुरुस्तीची पुडी बांधत होते: सुई, मेणाचा दोरा, वेल्क्रोचा तुकडा. आणि आत्ता यादी पाहताना ध्यानात आलं की सक्तीच्या सामानात १० सेफ्टी पिना आहेतच! त्यातल्या चार पिना छातीवरचा नंबर लावायला गेल्या तरी सहा उरतात. नाकावरची पट्टी उसवलीच तर कापड बंपरवरच्या टाक्यांच्या दोऱ्यात पिनांनी अडकवता येईल का? पिन बंपरचं रबर भेदणार नाही, पण दोरा भक्कम आहे आणि टाके जवळजवळ आहेत. जमलं तर वेल्क्रोचा तुकडा पुडीतून बाहेर. ह्या शनिवारी डाव्या बुटाची पुढची पट्टी मुद्दाम उघडी ठेवून नुसत्या पिनांवर अंधारात पळणार आहे. किती वाळू निघते ती तोलून पुढच्या नोंदीत सांगते.