जांबोरीत काम करायला जायचे असेल तर

शाळेच्या स्मरणिकेत जुन्या आठवणी पुष्कळ जण लिहितील. मी आपल्या स्काऊट-गाईड पथकाविषयीच लिहितो आहे, पण शाळा संपल्यानंतरच्या वर्षांचे. स्काऊट-गाईडच्या परीक्षांत तृतीय सोपान, फार तर राज्य पुरस्कार या पायरीपर्यंत पोचलेली मुले-मुली दहावीच्या सवलतीच्या गुणांचा विषय संपला की स्कार्फ कपाटात टाकून देतात. आंतरराष्ट्रीय मेळाव्यांचा मोठा दरवाजा त्यानंतर, अठराव्या वर्षी उघडतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

जागतिक स्काऊट जांबोरी दर चार वर्षांनी भरते. सहभागी म्हणून जायचे वय साधारण १४ ते १७. त्या वयात जमले नाही की संधी गेली, असा समज आहे. पण त्याच मैदानावर अठरा वर्षांवरचे हजारो स्वयंसेवक राबत असतात. हे आंतरराष्ट्रीय सेवा पथक. सगळे त्याला आयएसटी म्हणतात. दुसरा मेळावा मूट. हा १८ ते २५ वयाच्या तरुणांचाच. पहिला १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये कांडरस्टेगला झाला, २०१७ चा आइसलँडमध्ये आणि २०२५ चा पोर्तुगालमध्ये. पंचविशी उलटली की मूटमध्येही सेवा पथकातूनच जायचे.

मुलींना आणखी एक वाट आहे. गाईड चळवळीची जागतिक केंद्रे स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन (१९३२), मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका (१९५७), लंडन आणि आपल्या पुण्यात आहेत. आफ्रिकेतले पाचवे केंद्र, कुसाफिरी, एका इमारतीत न राहता देशोदेशी फिरते. पुण्याचे 'संगम' आळंदी रस्त्यावर आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जगभरातल्या गाईड तिथे यायला वर्षभर पैसे साठवतात आणि आपल्याकडच्या कित्येक रेंजरना, म्हणजे मोठ्या वयाच्या गाईडना, ते कुठे आहे हेही ठाऊक नसते. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्काऊट आणि गाईड अशा दोन्ही जागतिक संघटनांची सदस्य आहे, त्यामुळे आपल्या रेंजरना दोन्हीकडचे दरवाजे खुले आहेत.

आता पैशांचे. आयएसटीमध्ये काम करायचे आणि शुल्कही आपणच भरायचे. ते सहभागी मुलांच्या शुल्कापेक्षा बहुधा कमी असते, पण विमानभाडे, व्हिसा, विमा हे सगळे वेगळे. 'काम आम्हीच करायचे आणि पैसेही आम्हीच द्यायचे?' हा प्रश्न घरी हमखास विचारला जातो. उत्तर 'हो' असेच आहे, आणि ते अर्ज भरण्याआधी घरच्यांना सांगितलेले बरे. शाळेत 'खरी कमाई'च्या आठवड्यात, म्हणजे लोकांची कामे करून पैसे मिळवताना, जे शिकलो ते इथे दोन वर्षे चिकाटीने करावे लागते.

स्वतःहून थेट नोंदणी करता येत नाही. राष्ट्रीय मुख्यालयाचे परिपत्रक राज्याकडे येते, तिथून जिल्ह्याकडे, आणि अर्ज त्याच पायऱ्यांनी उलटा वर जातो. परिपत्रक जिल्ह्यात पोचेपर्यंत मुदत थोडीच उरलेली असते, म्हणून जिल्हा संघटकांशी ओळख ठेवावी. तुमची सदस्य नोंदणी त्या वर्षासाठी चालू नसेल तर बाकीची पात्रता कुणी बघतसुद्धा नाही. दहावीनंतर क्रू किंवा टीम (मोठ्या मुलामुलींची पथके) सोडलेली मुले नेमकी इथे अडतात.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. आपल्याकडे दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. सदस्यपत्रावर तिसरेच काहीतरी. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. विमानाचे तिकीट, विमा आणि शिबिराचे ओळखपत्र या तिन्हींवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवे, अक्षर न् अक्षर. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली असावी. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मेळावे जुलै-ऑगस्टमध्ये असतात आणि तेव्हा अर्जांची गर्दी असते, त्यामुळे बोटांचे ठसे द्यायची वेळ आधीच ठरवून ठेवावी.

कामाची कल्पना आधी नीट करून घ्या. आयएसटी शिबिराच्या काही दिवस आधी पोचते, प्रशिक्षण घेते आणि मुले गेल्यावर आवराआवरीसाठी थांबते. शिधावाटप, प्रवेशद्वार, वाहतूक, प्रथमोपचार, दुभाषेपणा, कचरा, साहसी खेळांची रांग सांभाळणे यांपैकी काहीही वाट्याला येते. अर्जात पसंती विचारतात, पण ती मिळेलच असे नाही. भाषा येते, वाहनपरवाना आहे, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे, असे काही दाखवता आले तर पसंतीचे काम मिळण्याची शक्यता वाढते. नुसते 'कोणतेही काम चालेल' लिहिणारा बहुधा शिधाकेंद्रावर खोकी उचलतो. माझ्या मते तेच काम उत्तम, कारण तिथे रोज सकाळी प्रत्येक देशाची मुले भेटतात.

जाण्याआधी बालसुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. त्यातले नियम सरळ आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर एकट्याने बंद जागेत थांबायचे नाही. मोठ्यांची आणि मुलांची स्नानगृहे वेगळी. एखाद्या मुलाने काही त्रास सांगितला तर 'कुणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही. शांतपणे ऐकून तो विषय नेमलेल्या केंद्राकडे न्यायचा. आपल्याकडच्या ताई-दादांना पाठीवर थाप मारायची, गालगुच्चा घ्यायची सवय असते. ती घरीच ठेवावी.

बॅजांची देवघेव होते, खरेदी-विक्री नाही. मोठ्यांनी मोठ्यांशीच बदलावे असा संकेत आहे, कारण अनुभवी माणूस चौदा वर्षांच्या मुलाकडून त्याचा चांगला बॅज सहज काढून घेऊ शकतो. जास्तीचे दोन-तीन स्कार्फ न्यावेत.

२०२३ ची जांबोरी दक्षिण कोरियात सेमांगुमला झाली. तिच्यातून स्वयंसेवकांनी जेवढे शिकावे तेवढे थोडे. जागा समुद्र हटवून केलेली, सपाट आणि झाडाविना. पावसाचे पाणी वाहून जायला उतारच नाही, त्यामुळे तंबूंखाली चिखल साचला. वर पस्तिशीच्या आसपासचे ऊन. सुमारे ४३,००० लोक, अपुरी स्वच्छतागृहे, आणि पहिल्या काही दिवसांतच शेकडो जण उष्म्याने आजारी. ब्रिटन आणि अमेरिकेची पथके आधीच निघाली. मग खानून चक्रीवादळ येत असल्याने ८ ऑगस्टला हजाराहून अधिक बसगाड्यांतून सगळे शिबिर रिकामे केले गेले. अशा वेळी यादी हातात असणे, शिरगणती दोनदा करणे आणि तासाभरात तंबू उतरवून बांधता येणे, एवढ्याचाच उपयोग होतो. उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट पाहू नये. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच, म्हणजे नेहमीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, कालवावे. कुणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेले असेल तर डॉक्टर येईपर्यंत थांबू नका. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला.

युरोपात प्रश्न उलटा. कांडरस्टेगसारख्या डोंगरी ठिकाणी जुलैतली रात्रही गारठवते. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे छापलेले असतात. 'कम्फर्ट' लिहिलेला तेवढा आपला. सर्वांत कमी आकडा म्हणजे जेमतेम जीव वाचेल एवढीच हमी, आणि दुकानदार तोच दाखवतो. खाली मॅट हवीच, थंडी जमिनीतून येते. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान कापावी. बाहेर डोकावली की तंबूवरून ओघळणारे पाणी तिच्यावर जमून थेट आत येते. सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो, नायलॉनचा भिजला की सैल पडतो. पाऊस आला की पहिला रात्री ढिला करायचा, दुसरा ताणायचा.

खाण्याच्या रकान्यात नुसते 'शाकाहारी' लिहू नये. मांस, मासे, अंडे यांपैकी काय चालत नाही ते एकेक लिहावे; काही देशांत मासे शाकाहारात धरणारे लोक भेटतात. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच राहू द्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सीलबंद पाकिटात, घटकांची यादी छापलेली असेल अशी न्यावी. घरच्या डब्यातली पूड विमानतळावर समजावून सांगत बसावी लागते.

पुढची, म्हणजे २६ वी जांबोरी २०२७ मध्ये पोलंडमध्ये ग्दान्स्कजवळ आहे. तेव्हा ज्यांना अठरा पूर्ण होतील त्यांनी सदस्यत्वात खंड पडू देऊ नये, आणि पासपोर्टचा अर्ज भरताना आडनावाचा रकाना कोरा सोडू नये.