आमची वाटचाल : टायपिंगच्या टेबलापासून बिघडलेल्या फायलींपर्यंत

सुरुवात टायपिंगची. सोलापुरात नवी पेठेत जिन्याखालचा एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लग्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज, टॉवेल-चादरीच्या कारखानदारांची कोटेशनं, येईल ते काम घ्यायचं. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि पुढे प्रबंधांचं टायपिंगही येऊ लागलं. ते दिवस भारनियमनाचे. लाईट वेळापत्रक पाळून गेली तर ठीक, पण ती मधेच कधीही जायची. यूपीएसची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात किती टिकते हे सोलापूरकराला सांगायला नको. अर्धवट सेव्ह झालेल्या आमच्याच फायली सोडवता सोडवता जे हाताला लागलं, ते पुढे धंदा झालं. लोक सीपीयू काखोटीला मारून यायला लागले, "बघा की जरा, फाइल उघडंना."

यातल्या कितीतरी फायली बिघडलेल्या नसतातच. घरच्या कॉम्प्युटरला कुणीतरी नवीन विंडोज टाकून दिलेलं असतं, त्यात श्रीलिपी किंवा कृतिदेव उडालेलं असतं, आणि आजोबांचं आत्मचरित्र इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसायला लागतं. फॉन्ट टाकला की संपलं. त्याचे पैसे घ्यायला आम्हाला जड जातं.

खऱ्या बिघाडाचं गणित वर्ड २००७ नंतर बदललं. नवी डॉक्स (.docx) फाइल म्हणजे मुळात झिप केलेलं गाठोडं. आत मजकुराची फाइल वेगळी, फोटोंचा फोल्डर वेगळा, स्टाइलची फाइल वेगळी. कुठल्या फाइलचा तुकडा कुठे आहे याची यादी गाठोड्याच्या अगदी शेवटी असते. कॉपी चालू असताना पेन ड्राइव्ह ओढला की ती यादीच लिहायची राहते आणि वर्ड हात वर करतं. पण प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याची स्वतःची खूण असते, ती धरून तुकडे एकेक सोडवता येतात. जुन्या डॉक (.doc) फाइलचं उलट. तिच्यात मजकूर दाबून बसवलेला नसतो, त्यामुळे फाइल मोडली तरी वाक्यं खरवडून काढता येतात, फक्त तक्ते आणि मांडणी हातची जाते. नव्यात मात्र मजकुराच्या तुकड्याला मधेच इजा झाली की तिथून पुढचं बहुतेक वेळा गेलंच. लोक जुन्या फॉरमॅटला नावं ठेवतात. आमचं मत विचाराल तर मार खायला तोच बरा होता.

पूर्व भागातली एक विद्यार्थिनी विडी कामगार बायकांवरचा प्रबंध घेऊन आली होती. फोटो सगळे जसेच्या तसे निघाले. मजकूर चौथ्या प्रकरणात, एका वाक्याच्या मधोमध तुटलेला. तिथे अर्धवट राहिलेले टॅग, म्हणजे मजकुराच्या मांडणीच्या आतल्या खुणा, हाताने बंद केले, तेव्हा तेवढा भाग वर्डमध्ये उघडला. ती म्हणाली, "काका, फोटो राहू द्या, मुलाखती पुढच्या पानांवर आहेत." तिला घरचा कॉम्प्युटर आहे तसा घेऊन ये म्हटलं. वर्ड दर १० मिनिटांनी स्वतःची एक प्रत बाजूला ठेवतं आणि नीट बंद केलं की ती पुसून टाकतं. हार्ड डिस्कवर पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. एएसडी नावाने संपणाऱ्या फायली शोधल्या तेव्हा मुलाखती सापडल्या. शेवटची थोडी पानं तिला पुन्हा टाइप करावी लागली. तिने दरम्यान त्या मशीनवर गाणी, सिनेमे उतरवले नव्हते, म्हणून हे जमलं.

आता न जमणाऱ्या कामाबद्दल, कारण आमचं नाव त्याच्यावरच झालं. लाईट गेल्यावर कधीकधी फाइलचं नाव राहतं, साइझ राहते, तारीखही राहते, पण आत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. विंडोजने डिस्कच्या वहीत नोंद केलेली असते, माल लिहायच्या आधीच लाईट गेलेली असते. अशी फाइल आम्ही गिऱ्हाइकासमोर हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा कच्चा माल आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडतो आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवतो. शून्यांच्या ओळी खाली सरकत राहतात, कुणीच काही बोलत नाही. मग त्याच मशीनवर दुसरी प्रत आहे का, कुणाला मेल केली होती का, हे विचारतो. अशा फायलीचे आधी दुसरीकडे पैसे भरून आलेली माणसंही आमच्याकडे येतात. म्हणून आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे : आधी फाइलची प्रत काढायची, काम प्रतीवरच करायचं, निघालेला मजकूर गिऱ्हाइकाने वाचायचा, मग पैशाचं बोलायचं. या पद्धतीत कमाई कमी होते. पण त्यातलेच लोक पुढे शेजाऱ्याला घेऊन येतात.

हल्ली घरोघरी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आली. मशीन भलतंच पळतं, पण डिलीट झालेल्या जागा विंडोज तिला कळवून टाकतं आणि ती त्या साफ करून टाकते. वर सांगितलेली शोधाशोध तिथे सहसा चालत नाही. खंडणीच्या व्हायरसने कुलूप लावलेल्या फायली आम्ही घेतच नाही, आशा दाखवून ठेवून घेण्यात अर्थ नाही.

गाळा अजून तोच आहे, टायपिंगचं टेबल मात्र गेलं. येताना मशीन बंद करून आणा, घरी कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवू नका. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळीच या, संध्याकाळी त्या गर्दीतून सीपीयू घेऊन येणं काही खरं नाही.