किंचित चढा ‘जी’

परवा दुपारी प्रोसेसरचा, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाला हवे ते रूप देणाऱ्या यंत्राचा, सूर दाखवणारा ट्यूनर चालू ठेवून मी गिटार स्टँडवर टेकवली आणि चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले. परत येऊन पाहते तर पडद्यावर ‘जी’ हे पाश्चात्त्य स्वराचे अक्षर उमटलेले. गिटारला कोणाचा हात लागलेला नव्हता, सहाही तारा स्तब्ध होत्या, तरी ट्यूनरचे म्हणणे ठाम होते की कोणीतरी ‘जी’ वाजवत आहे आणि तो किंचित चढा लागला आहे. सवय इतकी वाईट की चूक दुरुस्त करण्यासाठी माझा हात खुंटीकडे गेलासुद्धा. कोणती तार उतरवायची, हे ठरवताना मात्र तो थबकला.

वाजवणारा अर्थातच भिंतीतल्या सॉकेटमध्ये होता. जगाच्या बहुतेक भागांत घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि ‘जी’ हा स्वर, दोन सप्तके खाली गेल्यावर, ४९ हर्ट्झवर सापडतो. म्हणजे आपल्या भिंतींमधून दिवसरात्र जो सूर वाहतो तो ‘जी’च, पण अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने चढा. अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांत तर तो ‘ए शार्प’ आणि ‘बी’ यांच्या जवळजवळ मधोमध पडतो, त्यामुळे तिथल्या ट्यूनरची अवस्था अधिकच केविलवाणी होत असणार. वाजवणारे या आवाजाला ‘हम’ म्हणतात. मला ‘घूं’ हाच शब्द बरा वाटतो, कारण त्यात तिचा हट्टीपणाही ऐकू येतो.

ही घूं मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, पण तिला स्वर असतो हे कधी मनात आले नव्हते. आता ते कळल्यावर सुटका नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) बोट ठेवले की ९८ हर्ट्झचा ‘जी’ निघतो, आणि घूंमध्ये ५०च्या जोडीला १०० हर्ट्झही असतातच. तारेचे ९८ आणि विजेचे १०० एकमेकांवर आपटून सेकंदाला बरोबर दोन हेलकावे येतात. इतकी वर्षे मी त्या हेलकाव्यांचा दोष तारांना, त्यांच्या गंजाला आणि क्वचित माझ्या बोटांना देत होते. कोणी न बोलावता मागे येऊन बसावे आणि बेसूर तंबोरा छेडत राहावे, तसा हा प्रकार आहे.

घूंशी माझी पहिली भेट दादामुळे झाली. त्याने एका मित्राकडून इलेक्ट्रिक गिटार आणली होती, तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प मात्र कोणाकडेच नव्हता. म्हणून त्याने केबलच्या एका टोकाला बारीक प्लग डकवला आणि ती सरळ कॅसेट रेकॉर्डरच्या माइकच्या भोकात घातली. रिकाम्या रेकॉर्डरचे रेकॉर्डचे बटण दाबले जात नाही. पण कॅसेटच्या खणात मागच्या कोपऱ्यात एक इवलीशी कळ असते. ती बोटाने आत लोटून धरली की कॅसेट आहे असे यंत्राला वाटते आणि बटण खाली बसते. ते बोट माझे असे. दादाचे हात मोठे होते आणि खण अरुंद होता, एवढीच माझी पात्रता. एकाच कानाचा एक इअरफोन होता, तो आधी त्याच्या कानात जाई आणि मजुरी म्हणून शेवटी दोन मिनिटे माझ्या.

त्या इअरफोनमधून जे ऐकू आले ते मी आजवर विसरलेले नाही. माइकचा क्षीण आवाज पेलण्यासाठी केलेल्या त्या मार्गात गिटारचा कितीतरी पट जोरकस आवाज कोंबल्यावर तो मावेल कसा? वरून खालून छाटला जाऊन तो खरबरीत, चिडलेला, करवतीसारखा होऊन बाहेर पडत होता. बाबांनी एकदा कानाला लावून पाहिला आणि म्हणाले, “अरे, आवाज फाटतोय. बिघडेल ते यंत्र.” दादाने मान डोलावली आणि बाबा खोलीबाहेर जाताच आवाजाचे चाक आणखी पुढे सरकवले. वाजवणे थांबले की मागून घूं उसळून यायची. ती ऐकून मी दचकले, तेव्हा दादा म्हणाला, “तारांवर नुसता हात ठेव. गप्प बसते बघ.” मी हात ठेवला आणि ती खरोखरच गप्प बसली. मला वाटले, गिटारला माणसाचा हात हवा असतो. ती समजूत मी बरीच वर्षे जपली, आणि खरे सांगायचे तर पूर्णपणे सोडलेली अजूनही नाही.

बाबांना जो बिघाड वाटला, त्याचा व्यवसाय फार आधीच सुरू झालेला होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत गिटारवादक ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बासचा आवाज फाटून, गुरगुरत उमटला. तो ध्वनिमुद्रणात तसाच ठेवला गेला. लोकांना तो इतका आवडला की ग्लेन स्नॉडी या ध्वनी अभियंत्याला, बिघडलेले चॅनेल कायमचे बंद पडल्यावर, तोच बिघाड ट्रान्झिस्टरांतून पुन्हा घडवावा लागला. १९६२ साली गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाखालच्या डबीत घालून विकायला काढला. बिघाड हातून निसटू नये म्हणून त्याची नक्कल बनवणारा हा बहुधा एकमेव धंदा असावा. आज माझ्या टेबलावरचा प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा तारेचा आवाज मोजतो आणि त्यावर कोट्यवधी गणिते करतो, ती मुख्यतः कशासाठी? जुन्या व्हॉल्व्हचा दमछाक झालेला आवाज, टेप एकोमधली झिजून लडखडणारी फीत आणि स्प्रिंगांच्या खोक्यात घुमणारा खणखणाट, हे सगळे दोष मन लावून हुबेहूब वठवण्यासाठी.

मात्र स्वतःचा एखादा दोष या यंत्राने केला की आपण त्याला क्षणभरही क्षमा करत नाही. परवा दुपारी मीही केली नाही.

दोष शोधण्याची रीत सर्वांना पाठ असते आणि ती कोणीच पाळत नाही. गिटारपासून ॲम्पपर्यंतची साखळी अर्ध्यावर तोडावी, ॲम्प सोडून हेडफोन लावून पाहावा, मग केबल बदलावी, मग अडॅप्टर, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून ऐकावे. माझा हात मात्र नेहमी दोन गोष्टी एकदम बदलतो. आवाज सुधारतो, पण तो केबलमुळे सुधारला की अडॅप्टरमुळे, हे कायमचे गूढ राहते, आणि त्या गूढापायी माझ्या खणात तीन निर्दोष केबली ‘संशयित’ म्हणून पडून आहेत. अडॅप्टरची तर मला धास्तीच वाटते. पेडलांना, म्हणजे आवाज बदलणाऱ्या त्या पायाखालच्या डब्यांना, बहुधा ९ व्होल्टचा आणि मधली टाचणी ऋण असलेला अडॅप्टर लागतो. घरातल्या इतर उपकरणांच्या अडॅप्टरांत ती सहसा धन असते आणि प्लग मात्र तंतोतंत त्याच भोकात बसतो. शिवाय साध्या पेडलला काही मिलिअँपिअर पुरतात, तर प्रोसेसरला पाचशे किंवा त्याहून अधिक हवे असतात. कमी पडले तर तो तक्रार करत नाही. तो एखाद्या पॅचच्या, म्हणजे जमवून साठवलेल्या आवाजाच्या, मधोमध स्वतःला बंद करून पुन्हा चालू होतो, जणू काही घडलेच नाही.

आवाजच न येण्याचे प्रसंग याहून लाजिरवाणे असतात. गेल्या वर्षी मी प्रोसेसरचे फर्मवेअर (त्याच्या आतली आज्ञावली) पुन्हा भरले, फॅक्टरी रीसेट केला आणि त्यात महिनाभर जमवलेले सगळे पॅच घालवले. मग लक्षात आले की व्हॉल्यूम पेडलची टाच खाली दाबलेली होती. त्याच्या आधीच्या खेपेस ट्यूनर चालू होता, आणि तो चालू असताना आवाज बंद ठेवणे हे मीच कधीतरी मोठ्या हौसेने ठरवले होते. गिटारवरचाच आवाजाचा बटणगोळा शून्यावर असणे, हा तर सर्वांत वरचा मान. तो मी दोनदा मिळवला आहे. आणि आवाज येतो आहे पण घोंगडीखालून आल्यासारखा येतो आहे, ही तक्रार असेल तर आउटपुटची सेटिंग पाहावी. कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची, नक्कल प्रोसेसर करणार आणि पुढे खरा ॲम्प आपल्या खऱ्या कॅबिनेटमधून तीच पुन्हा करणार, म्हटल्यावर आवाज दोन खोक्यांत कोंडला जाणारच.

परवा मात्र आवाज होता आणि हवा त्याहून एक जास्त होता. मी प्रथम नॉईज गेट लावले, कारण आळशी माणूस ते प्रथम लावतो. गेट म्हणजे दारावर बसवलेला पहारेकरी. ठरावीक मर्यादेखालचा आवाज तो आत सोडत नाही. मर्यादा वाढवत नेली तशी घूं नाहीशी झाली, पण तिच्याबरोबर स्वरांच्या शेपट्याही गेल्या. लांबवलेला स्वर विरत विरत नाजूक होतो, आणि ज्या क्षणी तो खरोखर ऐकण्यासारखा होतो त्याच क्षणी दार धाडकन बंद. शिवाय वाजवत असताना दार उघडेच असते, म्हणून स्वरामागे घूं तशीच राहते. गेटने घूं घालवलेली नसते, आपण तिच्याकडे पाहत असताना तिला लपवलेले असते, एवढेच. मी ते काढून टाकले.

मग हेडफोनवर ऐकले, घूं थोडी उरली. ॲम्प जोडला, ती दुप्पट झाली. प्रोसेसर यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला होता, लॅपटॉप चार्जरवर होता, ॲम्प दुसऱ्या सॉकेटवर होता. सगळे लक्षात आले. अर्थिंगला जाण्यासाठी दोन वाटा झाल्या की त्या दोघींचे मिळून एक वेटोळे तयार होते, आणि त्या वेटोळ्यातून फिरणारा क्षीण प्रवाह म्हणजे ही घूं. यावर एक झटपट उपाय पुष्कळ जण एकमेकांच्या कानात सांगतात. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन चिकटपट्टीने झाकायची, की वेटोळे तुटले. खरेच तुटते. घूंही जाते.

हा उपाय मी करत नाही, आणि कोणाला करूही देत नाही. तारांवर हात ठेवला की घूं गप्प का बसते, हे मला पुढे कळले. गिटारच्या तारा ज्यावर टेकतात त्या पुलाच्या आतून, एका वायरने जोडून, केबलमार्गे ॲम्पच्या अर्थिंगशी बांधलेल्या असतात. हवेतली घूं पकडणारे आपले शरीर तारांना स्पर्श करताच त्याच अर्थिंगला जोडले जाते. म्हणजे वाजवणारा माणूस सर्व काळ त्या यंत्राशी जोडलेलाच असतो. पिन झाकलेली असताना आत काही बिघडले, तर ॲम्पचा सांगाडा आणि त्यासोबत हाताखालच्या सहा तारा विजेने भारल्या जातात, आणि आपण दुसऱ्या हाताने माइक धरायला जातो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सीच्या मंचावर नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावल्यावर विजेच्या धक्क्याने मरण पावले. ते २७ वर्षांचे होते. दादाने कॅसेट रेकॉर्डर चालवला होता तो सेलवर की सॉकेटवर, हे मला आठवत नाही. मी त्याला विचारलेही नाही.

लॅपटॉपचा चार्जर उपसल्यावर घूं तीन चतुर्थांश ओसरली. उरलेली गिटारच्या पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या वेटोळ्याची, होती. एकाच गुंडाळीचा पिकअप आसपासच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे बोलणे ऐकत बसतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली उलटसुलट गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन्ही वेटोळ्यांतली घूं एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. पण माझी गिटार एकेरी वेटोळ्यांची आहे, तिची किणकिण मला प्रिय आहे आणि तिच्यासोबत हे आलेच. अशा गिटारला दिशा असते. स्वतःभोवती हळूहळू फिरत गेले की एका कोनात घूं मावळते. माझ्या खोलीतला तो कोन कपाटाकडे तोंड करून आहे. खुर्ची आता तशीच मांडली आहे, आणि शिक्षा झालेल्या मुलासारखी मी कपाटाकडे पाहत वाजवते.

संध्याकाळी एक पॅच नीट जमला म्हणून ॲम्पच्या नकलेचे बारीक पर्याय चाळत होते. बायस, सॅग वगैरे ओळखीचे होते. त्यांच्या शेजारी आणखी एक होता, तो मी इतके दिवस न पाहता पुढे जात आले होते. त्याचे नाव ‘हम’. जुन्या ॲम्पच्या वीजपुरवठ्यातून आवाजात किती घूं मिसळावी, हे त्यावर ठरवता येते, आणि कारखान्यातून आलेला आकडा शून्य नव्हता.

मी तो शून्यावर नेला आणि ऐकले. मग होता तिथे परत आणला आणि ऐकले. फरक कळला नाही, तेव्हा शेवटी होता तिथेच ठेवून पॅच सेव्ह केला. गिटार स्टँडवर टेकवली, तिचे तोंड कपाटाकडून जरासे वळले आणि ट्यूनरवर पुन्हा ‘जी’ उमटला. तारांवर हात ठेवून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. पडदा कोरा झाला होता.