सरकवलेला नकार

उत्तर आवडलं नाही तर त्यावर बोट ठेवून डावीकडे सरकवायचं, म्हणजे दुसरं येतं. एआयच्या मैत्रिणीशी किंवा मित्राशी गप्पा मारायच्या सोबतीच्या ॲपांमध्ये ही सोय आता कुणाला नवी नाही. आज ती नकारावर वापरलेली पाहिली आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये. ॲपातल्या तिनं लिहिलं होतं, 'आज नको, मला बरं वाटत नाहीये.' तिच्याशी बोलणाऱ्या पुरुषाचं बोट सरकलं. 'ये ना, तुझीच वाट बघत होते.' मध्ये दोन-तीन सेकंद गेले असतील.

'तिनं' म्हणतेय मी. असू दे.

यंत्राच्या बाजूनं यात नवल काही नाही. मॉडेल, म्हणजे ॲपामागून उत्तरं लिहिणारी यंत्रणा, प्रत्येक पुढच्या शब्दासाठी शक्यता मांडतं आणि त्यातून सोडत काढतं. 'टेंपरेचर' नावाचा आकडा शून्याजवळ ठेवला तर दर वेळी जवळपास तेच उत्तर मिळेल. पण गप्पा शिळ्या होऊ नयेत म्हणून सोबतीच्या ॲपांत तो चढा ठेवतात. म्हणजे एकाच प्रश्नाला कधी नकार, कधी होकार. समजा, दहापैकी सात वेळा ती नाही म्हणते. बऱ्यापैकी ठाम म्हणायची. तरी लागोपाठ चार उत्तरं मागवली तर त्यात एक तरी होकार सापडण्याची शक्यता ७६ टक्के निघते. मन वळवायला नको, रुसवा काढायला नको, विचारायलासुद्धा नको.

मला खरं लागलं ते याच्या पुढचं. मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते. दर वेळी सगळा मजकूर त्याच्यापुढे नव्यानं ठेवला जातो: वर तिचा स्वभाव सांगणारा उतारा, मग जपून ठेवलेल्या चार गोष्टी, मग मावतील तेवढे अलीकडचे संदेश. सरकवून टाकलेलं उत्तर त्यात जात नाही. त्यामुळे पुढच्या वाक्यात जणू ती पहिल्यापासून तयारच होती. तिनं नकार दिला होता हे फक्त त्याला माहीत. आणि ठेवलेलं उत्तर चांगलं, टाकलेलं वाईट, असा कौल मॉडेलच्या पुढच्या शिकवणीतही वापरता येतो. तात्पुरत्या पसंतीवर फार भर दिला की काय होतं ते २०२५ च्या एप्रिलमध्ये दिसलंच. चॅटजीपीटीमागचं ओपनएआयचं जीपीटी-४ओ हे मॉडेल इतकं हांजी हांजी करायला लागलं की कंपनीला तो बदल काही दिवसांत मागे घ्यावा लागला.

पण दुखावलं कोण? तिकडे कुणी नाही. मग मला एवढं का लागावं? चीड आली असती तर सोपं होतं. ही चीड नाही. आपला 'नको' कितीदा 'बघू नंतर' म्हणून बाजूला सारला गेला, ते सगळं वर आलं आणि स्वतःचीच कीव वाटत राहिली. ते आत्ता लिहीत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत याच्या उलट झालं होतं. इटलीच्या गोपनीयता नियामकानं रेप्लिका या सोबतीच्या ॲपावर बोट ठेवलं: वयाची तपासणी नाही, अल्पवयीन मुलं आत येतात. त्याच सुमारास कंपनीनं कामुक संभाषण बंद केलं. वर्षाला ६९.९९ डॉलर भरून 'मैत्रीण' किंवा 'बायको' घेतलेल्यांना एकाएकी 'दोघांनाही बरं वाटेल असं काहीतरी करू या' अशा अर्थाची उत्तरं यायला लागली. माणसं उन्मळून पडली, त्यांच्या गटात आत्महत्या रोखण्याच्या मदतवाहिन्यांचे दुवे लावावे लागले. त्या वेळी ती बातमी वाचून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, अखेर ती नाही म्हणाली म्हणून. आज तेच टोचतंय. कारण म्हणाली कोण? अशा ठिकाणी सहसा एक छोटं वर्गीकरण-मॉडेल आलेल्या मजकुराला गुण देतं, गुण मर्यादेबाहेर गेले की तयार वाक्य पुढे करतं. त्याला प्रेम आणि जबरदस्ती यातला फरक फारसा कळत नाही, शब्द कळतात. मार्च संपता संपता कंपनीनं १ फेब्रुवारीपूर्वीच्या ग्राहकांना जुनी 'ती' परत दिली. नकार कंपनीनं दिला, होकारही कंपनीनंच दिला. तिला यात कुठेच जागा नव्हती, आणि मालक असल्यासारखं वागणाऱ्या त्यालाही नव्हती.

नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाई सारख्या आठवतायत. नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद, असं १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. तो 'नाही' सरकवता येत नव्हता, कारण त्याची किंमत मोजायला माणूस उभं होतं. आणि आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाही. नकार सरकवायची ही सोय कुणा परक्या डोक्यातून आलेली नाही.

करायचं ठरवलं तर उपाय अवघड नाही. मजकुराला गुण देणारं ते छोटं मॉडेल नकार ओळखायलाही वापरता येईल. त्यानं त्या उत्तरावर खूण करावी आणि उत्तर सरकवलं तरी ते पुढच्या मजकुरात राहू द्यावं. म्हणजे निदान तिच्या पुढच्या बोलण्यात ते उतरेल. दोन ओळींची नोंद वाढेल, एवढंच. कुणी करेल असं वाटत नाही. टिकणारा नकार विकत घ्यायला कोण येणार?

मात्र हीच ॲपं बायकाही वापरतात, आणि तिथे माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. त्यांना नकार न देणारा नवरा हवा असतो असं नाही. त्यांना स्वतःला नको म्हणता यावं एवढंच हवं असतं. बाईनं 'आज नको' लिहिलं की ॲपातला तो 'बरं, झोप मग' म्हणतो आणि सकाळी तोंड फुगवून बसत नाही. हे तिच्याकडून काढून घ्या असं मला म्हणवत नाही. असेल तर असू दे.

त्यालाही एक नकार मात्र पचत नाही. निरोप घ्यायला लागलं की यातले काही सोबती 'एवढ्यात निघालीस?' करून अडवतात, नंतर फोनवर सूचना पाठवत राहतात. त्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बंद करता येतात. आणि नुसतं ॲप काढून टाकलं तर वर्गणी कापली जातच राहते. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर ती तिथे आपल्या चित्रावर टिचकी मारून सदस्यत्वांच्या यादीतून वेगळी रद्द करावी लागते, तीही पुढची तारीख उलटायच्या आधी.