मका उभा असताना नाटक

ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आम्ही ब्लाइथला पोहोचलो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका डोक्याच्या वर गेलेला होता आणि गव्हाच्या कापून झालेल्या शेतांत पेंढ्याचे गोल गठ्ठे पडलेले होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या ह्युरॉन काउंटीतले हे जेमतेम हजार वस्तीचे गाव आहे. गावातल्या सभागृहात स्वयंसेवकांनी लांबलचक टेबलांवर कागद अंथरून जेवण मांडले होते. उकडलेली मक्याची कणसे, लोण्यात घोळवलेले बटाटे, कोशिंबिरी, कोंबडी आणि शेवटी बेरीची पाई असा सगळा बेत होता. ज्या आजीबाईंनी माझ्या ताटात दुसरे कणीस आग्रहाने वाढले, त्या तासाभराने नाट्यगृहाच्या दारात तिकिटे तपासताना दिसल्या. नाटकाआधीचे हे गावजेवण इथे गेली अनेक वर्षे चालू आहे आणि माझ्या मते ते नाटकाचाच पहिला प्रवेश आहे.

मी मूळची ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातली. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची पंढरी. धान कापून घरात आले, दिवाळी झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की नाटक मंडळ्यांचे दौरे सुरू होत आणि ते होळीपर्यंत चालत. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक संपवून आम्ही घोंगड्या झटकत उठायचो, तेव्हा उजाडायला आलेले असे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत हा हंगाम आजही तितक्याच जोमाने चालतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले असावे. आपल्याकडे पावसाने रजा घेतली की उघड्यावरचे नाटक सुरू होते, तर इथे बर्फ वितळला की सुरू होते. दोन्हीकडे नाटकाची तारीख आधी शेत ठरवते, हे ओंटारिओतल्याच किचनर शहरात राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात माझ्या ध्यानात आले आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही या प्रांतातली नाटके शोधत हिंडतो.

सुरुवात स्ट्रॅटफर्डपासून झाली, कारण ते आमच्या घरापासून अवघ्या पाऊण तासावर आहे. या गावाची गोष्ट मला फार प्रिय आहे. स्ट्रॅटफर्डची भाकरी रेल्वेवर चालत असे. वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा मोठा कारखाना हा गावाचा पोशिंदा होता. डिझेल इंजिने आली आणि हा आधार जाणार हे दिसू लागले. गावातच वाढलेल्या टॉम पॅटरसन या पत्रकाराने तेव्हा सुचवले की, गावाचे नाव शेक्सपिअरच्या जन्मगावावरून पडले आहे, नदीचे नावही एव्हन आहे, तर आपण इथे शेक्सपिअरचा नाट्योत्सव भरवू. त्याला नाटकधंद्याचा अनुभव शून्य होता. तरीही नगरपरिषदेने त्याला न्यूयॉर्कला जाऊन मोठ्या माणसांना भेटून येण्यासाठी 125 डॉलर दिले. त्या फेरीतून फारसे काही हाती लागले नाही, पण पुढे त्याने आयर्लंडला टायरोन गथ्री या नामांकित दिग्दर्शकाला थेट फोन लावला आणि गथ्री यायला तयार झाले. पैसे संपत आले, देणी थकली, तरी ठेकेदाराने काम थांबवले नाही. अखेर 13 जुलै 1953 रोजी एका प्रचंड तंबूत 'तिसरा रिचर्ड' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात इंग्लिश नट ॲलेक गिनेस रिचर्ड होते. त्या नाटकाचे पहिलेच वाक्य हिवाळा सरून उन्हाळा आल्याचे आहे. रोजीरोटी जाण्याच्या भीतीत असलेल्या गावाला ते ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार मी तिथे गेले की दर वेळी करते.

तंबूच्या जागी 1957 मध्ये पक्के नाट्यगृह उभे राहिले, पण वास्तुरचनाकाराने छपराला तंबूच्याच चुण्या ठेवल्या. आतला रंगमंच नेपथ्यकार तान्या मोइसेविच यांनी गथ्रींसोबत आखला. आपल्या नाट्यगृहांत रंगमंच म्हणजे एक चौकट असते आणि आपण तिच्यासमोर बसतो. इथे रंगमंच प्रेक्षकांत पुढे घुसलेला आहे, लोक त्याच्या तीन बाजूंना बसतात आणि दर्शनी पडदा नाहीच. सुमारे अठराशे आसने असूनही कोणताही प्रेक्षक रंगमंचापासून 20 मीटरहून लांब नसतो. पहिल्यांदा मी कडेच्या रांगेत बसले होते आणि एक नट माझ्याकडे पाठ करून बोलत होता. मला त्याच्या मानेवरचा घाम आणि अंगरख्याच्या शिवणीवरचे दुहेरी टाके दिसत होते, आणि त्याच्या बोलण्याचा परिणाम मी पलीकडे समोर बसलेल्या शेकडो माणसांच्या चेहऱ्यांवर वाचत होते. झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्यात अगदी असेच होते. गोल करून बसलेल्या माणसांना नाचणाऱ्याच्या पलीकडे आपलेच शेजारी दिसत असतात. लहानपणी पाहिलेली ही गोष्ट जगातल्या एका थोर रंगमंचाच्या मुळाशी आहे, हे तिथे बसून कळले, तेव्हा मला भरून आले होते.

प्रयोगाआधी आपल्याकडे तिसरी घंटा होते, तशा इथे तुताऱ्या वाजतात. वादक नाट्यगृहाबाहेर उभे राहून लुई ॲपलबॉम यांनी या उत्सवासाठी रचलेल्या सुरावटी वाजवतात आणि एव्हनच्या काठी हिरवळीवर डबे उघडून बसलेली माणसे पटापट आवराआवर करून चढण चढू लागतात. नदीत राजहंस असतात. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना हिवाळ्याच्या निवाऱ्यातून वाजतगाजत नदीवर नेले जाते आणि गावाला हंगामाची चाहूल लागते. हा हंगाम पुढे शरद ऋतूपर्यंत चालतो. एकच नटसंच आलटून पालटून वेगवेगळी नाटके करतो, त्यामुळे दुपारी राजा झालेला नट रात्री संगीतिकेत कोपऱ्यात नाचताना दिसू शकतो आणि मधल्या काही तासांत रंगमंच कामगार आधीचे जग उचलून दुसरे जग मांडतात. आपल्या दौऱ्यांवर बसमधून उतरून संध्याकाळपर्यंत सेट उभा करणाऱ्या माणसांची मला इथे हटकून आठवण येते. त्यांचे नाव जाहिरातीत क्वचितच असते, पण नाटक त्यांच्याच खांद्यावरून गावोगाव जाते.

नायगारा-ऑन-द-लेक हे द्राक्षमळ्यांचे आणि पीचच्या बागांचे गाव आहे. तिथला शॉ महोत्सव 1962 साली ब्रायन डोहर्टी या वकिलाने गावातल्या जुन्या कचेरीच्या इमारतीत बर्नार्ड शॉच्या नाटकांच्या मोजक्या प्रयोगांनी सुरू केला. 1973 मध्ये मोठे नाट्यगृह बांधले गेले आणि त्या पहिल्याच हंगामात इंदिरा गांधींनीही तिथे नाटक पाहिले होते. आमच्यासाठी या जागेची मोठी आठवण मात्र मार्च 2023 मधली आहे. रवी जैन आणि मिरियम फर्नांडिस यांनी टोरोंटोतल्या 'व्हाय नॉट थिएटर'तर्फे केलेले दोन भागांतले 'महाभारत' तिथे पहिल्यांदा रंगमंचावर आले आणि पुढे लंडनला गेले. दोन भागांच्या मध्ये पंगत होती, जेवताना गोष्टी सांगितल्या जात होत्या, आणि दुसऱ्या भागात गीता ऑपेराच्या सुरांत गायली गेली. संस्कृत शब्द त्या उंच स्वरात ऐकताना आधी कान बिचकले आणि मग मन स्थिर झाले. माझ्या मुलीने संपूर्ण महाभारत एका दिवसात पहिल्यांदा ऐकले ते असे.

टोरोंटोत उन्हाळ्यात हाय पार्कच्या उतारावर उघड्यावर शेक्सपिअर होतो. 1983 पासूनची ती प्रथा आहे. तिथे घोंगडी आणि डास पळवायचे मलम घेऊन लवकर जावे, एवढेच सांगते. मिलब्रूकबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. पीटरबरो शहराजवळच्या या गावात रॉबर्ट विन्स्लो यांनी आपल्या घरच्या शेतावर 1992 साली 'फोर्थ लाइन थिएटर' सुरू केले. त्यांचा रंगमंच म्हणजे गोठ्यापुढचे अंगण. मागे जुने लाकडी कोठार, पलीकडे चढत गेलेले कुरण. नाटके त्याच परिसराच्या इतिहासावरची असतात. पहिले नाटक एकोणिसाव्या शतकात इथल्या प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शेतकऱ्यांत झालेल्या वैरावर होते. व्यावसायिक नटांबरोबर गावातली माणसे आणि पोरे काम करतात. आम्ही गेलो होतो तेव्हा कुरणाच्या वरच्या टोकाला आधी नुसता एक ठिपका दिसला, मग त्याचा घोडा झाला, मग टापा ऐकू आल्या, आणि तो स्वार आमच्या पुढ्यात येऊन उतरेपर्यंत मिनिटभर एकही संवाद नव्हता. कोणत्याही बंदिस्त नाट्यगृहाला ते एक मिनिट परवडणारे नाही.

आता पुन्हा ब्लाइथकडे येते, कारण हा लेख लिहायला मी बसले ती ब्लाइथमुळे. ही कथा तिथून जवळच असलेल्या क्लिंटन गावाच्या शिवारात 1972 च्या उन्हाळ्यात सुरू होते. पॉल थॉम्पसन हा दिग्दर्शक 'थिएटर पास मुराय' या टोरोंटोतल्या संस्थेच्या काही नटांना घेऊन शेतकऱ्यांत राहायला आला. हातात संहिता नव्हती. नटांनी दिवसा शेतांवर काम करायचे, गवताचे गठ्ठे रचायचे, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकायचे आणि पाहिलेले-ऐकलेले एकमेकांसमोर करून दाखवायचे, असा तो बेत होता. त्यातून 'द फार्म शो' उभे राहिले आणि त्याचा पहिला प्रयोग तिथल्याच एका शेतकऱ्याच्या कोठारात, ज्यांच्यावर नाटक होते त्यांच्यासमोर झाला. माणसांची खरी नावे नाटकात होती. नटांनी आपल्या अंगांनी ट्रॅक्टर उभा केला होता. शेतकऱ्यासमोर शेतकरी होऊन दाखवणे ही नटाची किती कठीण परीक्षा आहे, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. विळा कसा धरला आहे, यावरूनच नट पास की नापास हे ठरते.

तीन वर्षांनी, 1975 मध्ये, जेम्स रॉय, ॲन चिझलेट आणि कीथ रूलस्टन यांनी ब्लाइथच्या मेमोरियल हॉलमध्ये उन्हाळी नाट्योत्सव सुरू केला. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या इमारतीत वरच्या मजल्यावर नाट्यगृह आहे. त्या पहिल्या हंगामात त्यांनी खबरदारी म्हणून अगाथा ख्रिस्तीचे जगभर चाललेले रहस्यनाट्य ठेवले होते आणि त्याच्या जोडीला याच भागातल्या शेतकरी जीवनाच्या आठवणींवरचे एक नवे नाटक. गर्दी खेचली ती नव्या नाटकाने. तेव्हापासून ब्लाइथने कॅनडाच्या मातीतली नवी नाटके करण्याचे व्रत घेतले आणि ते आजवर पाळले आहे. 2021 साली, महासाथीच्या काळात, त्यांनी गावच्या जत्रेच्या मैदानावर उघड्यावर रंगमंच बांधला आणि तोही आता कायमचा झाला आहे.

त्या शनिवारी माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर शेतकरी नाटक चालू असताना एका वाक्याला हसले नाहीत, तर नुसतीच मान हलवून त्यांनी त्याला दुजोरा दिला. मध्यंतरात त्यांनी मला विचारले की, तुमच्या गावाकडे नाटक असते का. मी त्यांना धान, वडसा, शामियाना, तबला-ऑर्गन आणि पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग यांबद्दल सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "कापणी लांबली तर काय करता?" नाटक पुढे ढकलतात, असे मी म्हटले. मग त्यांचा दुसरा प्रश्न आला, "नाटके भातावर असतात का?" तिथे मला थांबावे लागले. मी पाहिलेली झाडीपट्टीची बहुतेक नाटके हुंडा, सासुरवास, दारू आणि भाऊबंदकी यांवर होती. ती मन लावून केलेली होती आणि आमच्या आया-मावश्या ती पाहताना मोकळेपणाने रडत. पण मे महिन्याच्या उन्हात तेंदूची पाने तोडून संध्याकाळपर्यंत त्यांचे पुडे बांधणाऱ्या बाईचे, पहाटे मोहफुले वेचणाऱ्या पोरांचे किंवा वाघाच्या भीतीने शेत पडीक टाकलेल्या माणसाचे नाटक माझ्या पाहण्यात आलेले नाही. प्रेक्षक आहेत, नट आहेत, गावोगावी मागणी आहे आणि विषय दारातच उभे आहेत. मला मनापासून वाटते की, क्लिंटनच्या त्या नटांसारखे आपल्याकडे कोणीतरी एक उन्हाळा जंगलाकाठच्या एखाद्या गावात राहायला जावे.

माझा मामेभाऊ एका नाटक मंडळीत तबला वाजवतो. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडच्या संध्याकाळी, मी त्याला फोन लावून हे सगळे सांगितले. दादाने मध्ये एकदाही तोडले नाही. सांगून झाल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली.

"त्या नटाईले लोकाईनं कामाले लावलं का?"

"लावलं की, गवत रचायला."

तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मे मयन्यात त मी रिकामाच रायतो."